उर्फचा रिकामा रकाना

सरकारी भिंतीवर कागद चिकटवला की गोष्ट जाहीर झाली, हे मला आजही मान्य नाही. कागद भिंतीला कळतो, फार तर खळीला कळतो. माणसांना कळला का, हे विचारायची पद्धत निजामाच्या राज्यात नव्हती. आणि ते विचारायची अक्कल मलाही नव्हती, कारण मी बी.ए. होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांवर तोंड सोडणार आहे, त्यात माझा वाटा कुठला ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

आमचा कसबा भूमपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वरची आळी आणि खालची आळी, मधी बाजाराचं पटांगण. वरच्या आळीत कचेरी, दुकानं, आडत आणि बारमाही पाण्याची बारव. खालच्या आळीत आम्ही: मेंढरंवाले, सुतार, कुंभार, तेली. आमचं पाणी नदीच्या वाळूत. संक्रांत झाली की नदी आटायची, मग बाया वाळूत हातभर खड्डा घ्यायच्या, त्याला झिरा म्हणायचं. त्यात पाणी पाझरायचं ते करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ लागायचा ते बसून बघितल्याशिवाय समजणार नाही. माझी आई दिवस उगवायच्या आधी जायची आणि उन्हं चढल्यावर दोन घागरी घेऊन यायची. एक डोक्यावर, एक कमरेवर. ज्या अंगाला घागर घ्यायची त्या अंगाला ती पुढं कायमची कलली. मी हैदराबादेहून उर्दूतून बी.ए. होऊन काळी शेरवानी घालून परत आलो तेव्हा ती दारात तशीच कलून उभी होती. मला वाटलं, कौतुकानं मान वाकडी करून बघतीय.

आमच्या घराण्यातच काय, अख्ख्या खालच्या आळीत पाटी-पुस्तकाच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील मेंढरं राखायचे, घोंगडी विणायचे. मला त्याची लाज कधीच नव्हती, आणि शिकलो याचा माज मात्र भरपूर होता. तोही खोटा नव्हता. कंदिलाला रॉकेल मिळत नव्हतं अशा लढाईच्या दिवसांत शिकलो होतो मी.

त्याच सुमारास दोन बातम्या एकदम आल्या. एक, कसब्याला सरकारी खर्चानं एक नवी विहीर मंजूर झाली. जागा कसबा कमिटी ठरवणार. दोन, आजवर तहसीलदारसाहेबाच्या मर्जीनं भरलेल्या त्या कमिटीत आता काही माणसं मत देऊन निवडायची. खालच्या आळीचा एक. मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला, म्हणजे जवळजवळ सगळे बापेच. पण एक जागा आमची, आणि कमिटीतली माणसं अशी काही विभागली होती की ज्याच्या बाजूनं ती एक जागा, त्याच्या बाजूला विहीर. हे पोरासोरांनाही कळत होतं.

उभे राहिले दोघं. एक शेठ, वरच्या आळीचा आडत्या. आमच्या आळीत त्याचं एक कडब्याचं गोदाम होतं, त्याची घरपट्टी भरायचा, म्हणून तो आमच्या आळीचा. विहीर बाजाराच्या वरच्या अंगाला, त्याच्या आडतीजवळ पाहिजे असं तो उघड म्हणायचा. दुसरे आमचे तात्या.

तात्या सुतार. मोटेची चाकं करायचे, कण्या बसवायचे. पंचक्रोशीतली एकूण एक विहीर त्यांनी आत उतरून बघितलेली. मोटेचा नाडा किती भिजून वर आला ते बघून विहिरीत किती पुरुष पाणी आहे हे सांगायचे, आणि ते चुकायचं नाही. खालच्या आळीत वडाच्या अंगाला पाणी लागणार, हे ते दहा वर्षं सांगत होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. म्हातारे म्हणत, लेकरं म्हणत. त्यांची स्वतःची आईसुद्धा पोराला "अरं तात्या, भाकरी खाऊन घे" म्हणायची.

अर्ज भरायला त्यांना कचेरीत मी घेऊन गेलो. दुसरं कोण नेणार? कचेरीचा कारभार उर्दूत, आणि आळीत उर्दू लिहिता येणारा मी एकटा. ओसरीवर पेशकार बसायचा. पेशकार म्हणजे तहसीलदाराचा कारकून, पण आमच्या लेखी तहसीलदारापेक्षा थोर, कारण तहसीलदार दिसायचाच नाही. हा पेशकार बोलायला लई गोड. विडा तोंडात, कलम कानावर.

"या या, ग्रॅज्युएटसाहेब," म्हणाला. "घोंगड्याच्या घरात शेरवानी आली म्हणायची."

मी अर्ज घेतला आणि झोकात लिहायला बसलो. उमेदवाराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. तात्यांना त्यांचं खरं नाव विचारलं तर ते डोकं खाजवायला लागले. "हाय की. बारशाला ठेवलं हुतं कायतरी." मग म्हणाले, थांब, जमिनीच्या कागदावर असंल. घरून कागद आणला, त्यावरून मी नाव उतरवलं. चांगलं लांबलचक, देवाचं नाव. त्याखाली एक रकाना होता: उर्फ.

पेशकारानं बोट ठेवलं. "हा खाना रिकामा ठेवायचा का?"

मला तो हसतोय असं वाटलं. उर्फ मी कुठं बघितलं होतं? पोलिसांच्या इश्तिहारात. अमुक उर्फ तमुक, फरार, पकडून देणाऱ्यास इनाम. आमचा माणूस काय दरोडेखोर आहे? मी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली. जोरात. कागद फाटेल एवढी.

"उर्फ चोरांना असतं," मी म्हणालो.

"बराबर," पेशकार म्हणाला, आणि पानाची पिंक टाकायला उठला. परत येऊन त्यानं अर्ज हातात घेतला आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं पुकारलं, हजर आहे का बघायला.

कुणी बोललं नाही. तात्या माझ्या शेजारीच उकिडवे बसले होते. ते मान वळवून मागं बघायला लागले, कोण तो, म्हणून. पेशकारानं पुन्हा पुकारलं. तात्या मला हळूच म्हणाले, "त्यो कुटं गेला रं? लवकर बोलीव की, आपला नंबर लागू दे."

"तात्या, ते तुम्हीच!" मी त्यांना कोपरानं ढोसलं. ओसरीवरचे सगळे हसले. चपराशी तर भिंतीला टेकून हसला. मला इतका राग आला की काय सांगू. कुणाचा? तात्यांचा! खेडवळ, स्वतःचं नाव माहीत नाही, चार माणसांत माझी शोभा केली. वाटभर मी त्यांच्याशी बोललो नाही. तात्याच मधूनमधून ते नाव पुटपुटत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "बराय. नाव बराय."

ज्याला डोळे आहेत त्याला तिथंच सगळं दिसलं असतं. मला दिसलं नाही.

शेठच्या अर्जात उर्फचा रकाना भरलेला होता. काय लिहिलं होतं? 'शेठ.' बस्स. तो वरच्या आळीचा, त्याला कागद कुणासाठी असतो ते ठाऊक होतं.

मग यादी लागली. नियम असा: आधी कच्ची यादी, तीन दिवस हरकतीला, मग पक्की यादी, आणि पक्क्या यादीवरून मतपत्रिका. एकदा पक्की झाली की त्यातला नुक्ता, म्हणजे अक्षराचं टिंबसुद्धा, हलायचा नाही. ही कच्ची यादी लावली कुठं? चावडीवर नाही, बाजारात नाही, देवळापुढं नाही. कचेरीच्या आतल्या ओसरीत, पेशकाराच्या गादीच्या मागच्या भिंतीवर. वाचायचं तर पेशकाराच्या डोक्यावरून वाकून वाचायचं. तीही फक्त उर्दूत. आणि तीन दिवस कुठले? बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे गावोगावची माणसं बाजाराला यायच्या आत मुदत खलास.

आळीत दवंडी पिटली. दवंडीवाला आमच्या ओळखीचा, त्याला मी थांबवलं. "नावं सांगत का न्हाईस?"

"मला एवढंच सांगितलंय मालक," तो म्हणाला. "'यादी लागली, ज्याला एतराज असंल त्यानं कचेरीत यावं.' नावं सांगू का म्हणून म्या पेशकारसायबाला इचारलं. म्हणले, नावं यादीत हायेत, तू ढोल वाजीव."

दवंडीवाल्यानं विचारलं होतं. त्या गरीब माणसाला सुचलं होतं ते मला सुचलं नाही. सगळ्या कसब्यात त्या यादीबद्दल एकच शहाणा प्रश्न विचारला गेला, तो ढोल वाजवणाऱ्यानं.

मी काय केलं? ऐटीत कचेरीत गेलो. पेशकाराच्या डोक्यावरून वाकून यादी वाचली. अक्षर सुरेख होतं, तात्यांचं नाव त्या वळणदार लिपीत असं उमटलं होतं की मला भरून आलं. एका सुताराचं नाव सरकारी भिंतीवर! एकही चूक नव्हती. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "यादी बघितली. बरोबर आहे." वडाखाली माणसं बसली होती, त्यांनी माना हलवल्या. पोरगं बी.ए. आहे, त्यानं वाचली म्हणजे गावानं वाचली. मलाही तसंच वाटलं. यादीत काय लिहिलंय हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कच्ची यादी पक्की झाली.

त्यानंतर महिनाभर आम्ही दारोदार हिंडलो. काय सांगत? "मत तात्याला, विहीर वडाला." हे मीच जुळवलेलं, लेकरं रस्त्यानं ओरडत फिरायची. महिनाभर आम्ही जे नाव सांगितलं ते मतपत्रिकेवर नव्हतं, आणि मतपत्रिकेवर होतं ते महिनाभरात एकाच्याही कानावर घातलं नव्हतं. आज लिहितानासुद्धा हात शिवशिवतो, स्वतःच्याच मुस्काटात मारायला.

मतदान मदरशात झालं. मदरसा म्हणजे तेव्हाची सरकारी शाळा. वाचता न येणाऱ्यानं आत जाऊन टेबलापाशी नाव सांगायचं, तिथला अंमलदार मतपत्रिकेवर त्या नावापुढं खूण करणार. अंमलदार परतालुक्यातला. कुणाला ओळखत नव्हता, आणि निष्पक्षपणासाठी तसाच पाठवला होता म्हणे. शेजारी आमचा पेशकार, यादी समोर धरून. उमेदवाराच्या माणसांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं. मी शेरवानी घालून दोरीच्या बाहेर.

आमची आळी सकाळीच लोटली. मेंढरं सोडायची होती, घाणे जुंपायचे होते. वडील पहिल्या दहा-बारा माणसांत होते. धुतलेला फेटा बांधून आत गेले आणि बाहेर आले ते चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"त्यो सायेब म्हणतो, तात्या नावाचा माणूसच उभा न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय. म्या म्हणलं, आवो तात्या, सुतार, चाकं करतो त्यो. सायेबानं यादी बघितली. म्हणला, असा कुणी न्हाय. शेठ हाय, त्याला देतूस का? म्या म्हणलं, न्हाय देत." वडील खाली बघायला लागले. "म्या त्याला म्हणलं रं, माझं पोरगं बी.ए. हाय, त्यानंच नाव लिवलंय, नीट बघ. तर ते सगळे हासले."

उर्फच्या रकान्यावरची ती आडवी रेघ मला तिथं उन्हात उभ्या-उभ्या दिसली.

"आणि पेशकार? तो तर ओळखतो तात्याला! त्याच्या घरचा पलंग तात्यांनी केलाय!"

"त्यो गप बसला हुता. पान खात हुता."

वडिलांच्या आधी आत जाऊन आलेले सगळे तसेच परतले होते. कुणाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. कुणी लाजून बोललाच नाही. एकानं तर, रिकामं कसं यायचं म्हणून, शेठचं नाव सांगून टाकलं होतं आणि आता तोंड लपवून भिंतीच्या कडेनं चालला होता. मी रांगेकडं धावलो. ते लांबलचक नाव ओरडून सांगायला लागलो. तात्या म्हणू नका, हे म्हणा! आडनाव, बापाचं नाव, देवाचं नाव. माणसं ओठ हलवून पाठ करायला लागली, जसं लेकरानं पाढा म्हणावा. एक कुंभार मला म्हणाला, "ह्यो कोण नवीन आणलाय? आमाला तात्या पायजे."

"तात्याच आहेत ते!"

"मग तात्या म्हण की."

शिपाई आला. दरवाज्यापाशी प्रचार करणं गुन्हा आहे म्हणाला आणि माझ्या शेरवानीच्या गळ्याला धरून मला बाजाराच्या पटांगणापर्यंत ढकलत नेलं. मागं वळून बघितलं तर रांगेतली माणसं नाव पुटपुटत आत शिरत होती. काहींचं मत लागलं. काहींना दारापर्यंत अर्धंच आठवलं. अंमलदारानं ते मानलं नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत आळीचं मतदान आटपलं होतं.

तात्या वडाखाली बसून होते. त्यांना मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे म्या आत गेलो तवा तात्या म्हणलो ते बी वाया? मला वाटलं, सोताचं सोताला चालत न्हाय म्हणून सायेब न्हाय म्हणला."

त्यांनी स्वतःचं मतसुद्धा स्वतःला दिलं नव्हतं.

शेठ थोडक्यात निवडून आला. दुसऱ्या दिवशी मी पाच पानी अर्ज लिहून कचेरीत गेलो. यादी जाहीर झाली नव्हती, लोकांना समजली नव्हती, मतदान पुन्हा घ्या. पेशकारानं शांतपणे वाचला. मग दप्तरातून आमचा जुना अर्ज काढला, माझ्यापुढं ठेवला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"हा हात कुणाचा?"

"माझा. पण तुम्ही ओळखत होता! तुम्ही सांगू शकला असता!"

"मी विचारलं होतं, ग्रॅज्युएटसाहेब. आपण काय फर्मावलं? उर्फ चोरांना असतं." तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. "यादी तीन दिवस भिंतीवर होती. तुम्ही स्वतः येऊन वाचली. माझ्याच डोक्यावरून. एतराज केला का?"

मी त्याला त्या दिवशी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चपराशानं मला बाहेर काढलं. ओसरीच्या पायऱ्या उतरताना पेशकाराचा गोड आवाज आला, "दरवाजा संभालके, साहेब."

तो माणूस वाईट होता, हे मी आजही म्हणतो. ज्या राज्यात यादी उर्दूत लिहायची, कारकुनाच्या पाठीमागं लावायची, बाजार उठल्यावर मुदत मोजायची आणि तिला जाहीर म्हणायचं, ते राज्य गेलं ते बरं झालं, हेही म्हणतो. पण ती रेघ त्या राज्यानं मारली नव्हती. मेंढरंवाल्याच्या पोरानं मारली होती, तात्या हे नाव त्याला कागदावर गावंढळ वाटलं म्हणून.

विहीर वरच्या अंगाला खोदली. पाणी लागलं. शेठनं पेढे वाटले, खालच्या आळीतही पाठवले. आईनं आमचा पुडा उघडलाच नाही, मेंढरांपुढं टाकला.

पाणी लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई झिऱ्यावर निघाली, तेव्हा मी उठलो आणि दुसरी घागर उचलली. "ठेव ती," आई म्हणाली. "बापय माणूस झिऱ्यावर? बाया हासतील." मी ऐकलं नाही. बाया हासल्याच. एक म्हणाली, "आलं गं बाई, बी.ए.चं पाणी भराया." मी खाली मान घालून वाळूत बसलो आणि करवंटीनं पाणी घ्यायला लागलो. करवंटीत अर्धी वाळू यायची. आई माझ्या हातातून ती काढून घ्यायची, निथळायची, परत द्यायची.

शेजारच्या झिऱ्यावर कुंभाराची म्हातारी बसली होती. ज्या कुंभारानं रांगेत मला "तात्या म्हण की" म्हटलं होतं, त्याची बायको. घागर भरेस्तोवर वेळ भरपूर. तिनं विचारलं, "आरं, तात्याचं खरं नाव काय म्हणं? आमच्या ह्यांना आजून बी येत न्हाय."

मी सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून बघितलं, मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आडनावासकट अगदी स्वच्छ आलं.

"सोपं तर हाय की," ती म्हणाली. "रोज हितं बसून म्हणलं असतं तर आख्ख्या आळीचं पाठ झालं असतं. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

आईची घागर भरली होती. माझी निम्मीच होती. आई उठली नाही, माझी भरायची वाट बघत बसली.